४४५ नंबरचा पोर्ट बंद असताना ऑफिसच्या फाइली घरून कशा उघडायच्या

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे असाच पेच पडलेल्या इतरांनाही उत्तराचा उपयोग होईल. सांगलीत तुमचं सिव्हिल इंजिनिअरिंगचं ऑफिस आहे. तिथल्या एका विंडोज संगणकावर ‘कामे’ नावाचं फोल्डर शेअर केलेलं आहे आणि ड्रॉइंग, एस्टिमेट, बिलं सगळं त्यातच आहे. भागीदार आता पुण्याला राहायला गेलेत. त्यांना तेच फोल्डर घरून ड्राइव्हसारखं उघडायचं आहे. एक व्हिडिओ बघून तुम्ही राउटरमध्ये ४४५ नंबरचा पोर्ट (पोर्ट म्हणजे नेटवरून संगणकात शिरायचं नंबर असलेलं दार) ऑफिसच्या संगणकाकडे फॉरवर्ड केला, म्हणजे वळवला, तरी पुण्याहून काहीच उघडेना. नेटवाला म्हणतो, “तो पोर्ट वरूनच बंद आहे.” आता दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घ्यावं की स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक इंटरनेट पत्ता, असं तुम्ही विचारताय.

दोन्ही नको. आधी राउटरमध्ये जा आणि तो फॉरवर्डिंगचा नियम काढून टाका. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

नेटवाल्यानं तुमची अडवणूक केलेली नाही. विंडोजमध्ये फोल्डर शेअर करण्याची जी पद्धत आहे तिला एसएमबी म्हणतात, आणि विंडोज २००० पासून ती ४४५ या टीसीपी पोर्टवर चालते. त्याआधी हेच काम १३७ ते १३९ या पोर्टांवर चालायचं. ही पद्धत एका इमारतीतल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या संगणकांसाठी बनली होती. ती थेट इंटरनेटवर उघडी राहिल्यावर काय होतं, हे जगानं पुन्हा पुन्हा पाहिलंय. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा वर्म (एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) शेजारच्या १३५ पोर्टातून शिरला. २००४ साली सासर ४४५ मधूनच आला. २००८ च्या अखेरीस कॉनफिकर आला, तोही याच वाटेनं. आणि १२ मे २०१७ ला वॉनाक्राय आला. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलं होतं, म्हणजे दोन महिने आधी. ज्यांनी ते घातलं नव्हतं त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आला. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली. पण एकदा आत शिरल्यावर कंपन्यांच्या अंतर्गत नेटवर्कात पसरायला त्यानं विंडोज शेअरिंगमधल्या त्याच भोकाचा आणि चोरलेल्या पासवर्डांचा आधार घेतला. मर्स्क या जहाज कंपनीचं कामकाज त्यात कोलमडलं, आणि न्हावाशेव्याला जवाहरलाल नेहरू बंदरातलं त्याच समूहाचं टर्मिनलही त्यात सापडलं. एवढं घडल्यावर जगभरच्या अनेक इंटरनेट कंपन्यांनी ग्राहकांच्या जोडण्यांवर ४४५ बंद ठेवायला सुरुवात केली यात नवल नाही. मी नेटवाला असतो तर मीही तेच केलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, मग बाहेरून वेगळा नंबर ठेवू, समजा ४४५०, आणि राउटरमध्ये तो आतल्या ४४५ कडे वळवू. असा सल्ला अजूनही दिला जातो. त्यात दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये ड्राइव्ह मॅप करताना पोर्टचा नंबर द्यायची सोयच नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ती आली आहे. दुसरी अडचण मोठी आहे. नंबर बदलला तरी दार तेच राहतं. इंटरनेटवरचा प्रत्येक पत्ता, त्याचा प्रत्येक पोर्ट सतत तपासत बसणारी यंत्रं आहेत; त्यांना ४४५० वर एसएमबी उत्तर देतंय हे कळायला फार वेळ लागत नाही.

माझ्या ओळखीच्या एका कर सल्लागारांच्या ऑफिसात नेमकं असंच झालं होतं. फाइली ठेवायचा छोटा नॅस डबा त्यांनी वेगळ्या पोर्टवरून इंटरनेटला जोडला होता. ऐन मार्चअखेरीस सकाळी ऑफिस उघडलं तर प्रत्येक फाइलचं नाव बदललेलं, आणि प्रत्येक फोल्डरात पैशांची मागणी करणारी एक चिठ्ठी. बॅकअपची डिस्क होती, पण ती त्याच डब्याला कायमची लावून ठेवलेली, तीही गेली. त्या गृहस्थांनी पुढचे कित्येक दिवस अशिलांकडून छापील कागद परत मागवून आकडे पुन्हा भरले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून पोर्ट उघडायचा प्रश्न कुणी विचारला की मी आधी नियम काढायला सांगतो.

तुमच्या बाबतीत ४४५ च्याही आधी दुसरी भिंत असण्याची दाट शक्यता आहे. राउटरच्या पानावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या सदराखाली जो आयपी पत्ता दिसतो तो कागदावर लिहून घ्या. मग ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या कुठल्याही साइटवर जाऊन तिथला पत्ता लिहा. दोन्ही एकच असतील तर ठीक. वेगळे असतील, आणि राउटरमधला पत्ता १०० ने सुरू होऊन पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर तुमचं कनेक्शन सीजीनॅटच्या मागे आहे. काही कंपन्या १० किंवा १७२ ने सुरू होणारे खासगी पत्तेही देतात, अर्थ तोच. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात संपत आले, तेव्हा २०१२ साली १०० चा हा पट्टा खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. एका सार्वजनिक पत्त्यामागे कंपनी अनेक ग्राहक बसवते.

जुन्या वाड्याला दिंडी दरवाजा एक आणि आत वीस बिऱ्हाडं, तशी ही रचना. आतल्या माणसानं बाहेर निरोप धाडला तर त्याचं उत्तर कुणाच्या खोलीत पोचवायचं हे दारावरच्या माणसाला ठाऊक असतं. बाहेरून कुणी स्वतःहून काही आणलं आणि बिऱ्हाड माहीत नसलं तर ते दारातूनच परत जातं. तुम्ही राउटरमध्ये जे फॉरवर्डिंग केलंत ती तुमच्या खोलीच्या चौकटीवरची पाटी झाली. दिंडी दरवाजापाशी ती कुणाला दिसत नाही. म्हणजे सीजीनॅट असेल तर ४४५ च नाही, कुठलाच पोर्ट बाहेरून आत येणार नाही. स्टॅटिक आयपीचे पैसे भरून ही भिंत दूर होते, पण मग वर सांगितलेला धोका आपल्या दारात येतो.

तिसरी अडचण भागीदारांच्या बाजूची. ते नेहमी घरीच असतील असं नाही. एखाद्या क्लायंटच्या ऑफिसात, कॉलेजात, हॉस्पिटलच्या वाय-फायवर बसले तर तिथून बाहेर जायला बहुधा ८० आणि ४४३ एवढेच पोर्ट मोकळे असतात, म्हणजे फक्त वेबसाइट बघण्यापुरते.

या तिन्ही भिंती एकाच प्रकारच्या वाहतुकीला अडवत नाहीत: आतून सुरू होऊन बाहेर गेलेली आणि उत्तर घेऊन परत आलेली. तुमचा संगणक दिवसभर हजारो वेळा तेच करत असतो. तेव्हा पुण्याच्या लॅपटॉपनं सांगलीच्या दारावर धडका मारण्यापेक्षा दोघांनीही आतून बाहेर यावं आणि मध्ये भेटावं. आज जे उपाय चालतात ते बहुतेक सगळे यावरच उभे आहेत.

तुमच्यासाठी मी वायरगार्डवर आधारलेलं खासगी जाळं सुचवीन. वायरगार्ड ही एन्क्रिप्शन केलेल्या बोगद्याची आटोपशीर पद्धत आहे. मार्च २०२० मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात, ५.६ आवृत्तीत, आली. नुसतं वायरगार्ड मांडायला थोडी मेहनत लागते. ती मेहनत वाचवणारं टेलस्केल नावाचं साधन आहे. दोन्ही संगणकांवर ते बसवायचं आणि एकाच खात्यानं लॉगिन करायचं. मग दोन्ही संगणक कंपनीच्या सर्व्हरशी बोलतात, पण फक्त एकमेकांचा ठावठिकाणा कळण्यापुरतं. त्यानंतर दोघेही एकमेकांच्या दिशेनं एकाच वेळी पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, सोडतात. दोन्हीकडच्या राउटरांना वाटतं की हे आतून सुरू झालेलं संभाषण आहे, आणि ते वाट मोकळी ठेवतात. याला होल पंचिंग म्हणतात. जिथे हेही जमत नाही तिथे वाहतूक मधल्या रिले सर्व्हरवरून, ४४३ पोर्टातून जाते. तेव्हाही किल्ल्या तुमच्या दोन संगणकांतच राहतात, त्यामुळे रिलेवाल्याला आतला मजकूर वाचता येत नाही.

प्रत्येक संगणकाला या जाळ्यात १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळतो. तो सीजीनॅटच्याच पट्ट्यातला असतो, म्हणून तो दिसला की गोंधळून जाऊ नका. मग पुण्याच्या लॅपटॉपवर ड्राइव्ह मॅप करताना संगणकाच्या नावाऐवजी तो पत्ता आणि पुढे ‘कामे’ लिहायचं. ४४५ पोर्ट वापरात आहेच, पण तो बोगद्याच्या आत. नेटवाल्याला बाहेरून फक्त एन्क्रिप्टेड पॅकेटं जाताना दिसतात.

इन्स्टॉल करणं दहा मिनिटांचं काम आहे. लोक नंतरच्या बारीक गोष्टींत अडकतात, म्हणून त्या सविस्तर सांगतो.

ऑफिसच्या संगणकावर टेलस्केलच्या मेनूत ‘रन अनअटेंडेड’ हा पर्याय चालू करा. तो बंद असेल तर विंडोजमध्ये कुणी लॉगिन केल्याशिवाय जाळं जोडलं जात नाही. रात्री लाइट जाऊन आली, संगणक आपोआप सुरू झाला, पण लॉगिन करायला ऑफिसात कुणी नाही, आणि भागीदार पुण्यात ताटकळले, असं होतं. त्याच कारणानं बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘लाइट आल्यावर चालू हो’ ही सोय लावा, आणि विंडोजची स्लीप बंद करा. राउटर आणि फायबरचा डबा छोट्या यूपीएसवर घ्या. संगणक यूपीएसवर आणि राउटर साध्या प्लगवर, हे मी फार ऑफिसांत पाहतो.

दुसरं, टेलस्केलच्या किल्लीची मुदत साधारणपणे १८० दिवसांची असते. सहा महिने सगळं सुरळीत चालतं आणि एके दिवशी अचानक तुटतं. ऑफिसच्या संगणकापुरती ही मुदत अ‍ॅडमिनच्या पानावरून बंद करता येते. लॅपटॉपची मात्र चालू ठेवा, लॅपटॉप हरवतात.

तिसरं, फोल्डर ‘एव्हरीवन’ला शेअर केलेलं असेल तर ते आजच बदला. भागीदारांसाठी विंडोजमध्ये वेगळा युजर करा, त्याला चांगला लांब पासवर्ड द्या आणि फक्त त्याच फोल्डरचा हक्क द्या. संपूर्ण डी ड्राइव्ह शेअर करू नका. टेलस्केलच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावाच, कारण आता ते खातं हीच तुमच्या ऑफिसची किल्ली आहे.

चौथं, सगळं जोडलं गेलं, पिंग लागतो (म्हणजे एका संगणकाच्या हाकेला दुसरा ओ देतो), पण फोल्डर उघडत नाही असं झालं तर विंडोजच्या फायरवॉलकडे बघा. फाइल शेअरिंगच्या तयार नियमात बहुधा ‘लोकल सबनेट’ एवढीच परवानगी असते, आणि बोगद्यातला पत्ता त्यात बसेलच असं नाही. त्या नियमाच्या ‘स्कोप’मध्ये लॅपटॉपचा १०० चा पत्ता घाला. फायरवॉल पूर्ण बंद करून बघा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आणखी एक त्रास असा आहे की तो ओळखता आला नाही तर माणूस आठवडे घालवतो. फोल्डरांची यादी दिसते, छोट्या फाइली उघडतात, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की पट्टी थोडी सरकते आणि गोठते. अशा वेळी नेट ‘स्लो’ असतं असं नाही. बोगद्यात प्रत्येक पॅकेटभोवती एक जादा वेष्टन चढतं, आणि भरलेलं पॅकेट वाटेतल्या एखाद्या टप्प्याच्या मापात बसत नाही. साध्या इथरनेटचं माप १५०० बाइट, पीपीपीओई कनेक्शनवर ते १४९२ होतं, वायरगार्ड स्वतः साधारण १४२० धरतं. टेलस्केल मुळातच १२८० वर चालतं, त्यामुळे त्यात हा त्रास कमी दिसतो. स्वतः मांडलेल्या वायरगार्डमध्ये तो दिसला तर दोन्ही टोकांना एमटीयू, म्हणजे पॅकेटचं हे कमाल माप, १२८० करा आणि तीच फाइल पुन्हा कॉपी करून बघा. माझ्याकडे आलेल्या ‘व्हीपीएन बिघडलंय’ (अशा खासगी बोगद्याला व्हीपीएन म्हणतात) या तक्रारींपैकी कित्येक एवढ्याशा बदलानं मिटल्यात.

बाहेरच्या कंपनीच्या खात्यावर ऑफिस अवलंबून नको, असं काहींना वाटतं, आणि त्यात तथ्य आहे. मग मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये छोटा लिनक्स सर्व्हर भाड्यानं घ्यायचा, त्याला सार्वजनिक पत्ता असतोच, आणि ऑफिस व लॅपटॉप दोघांनी वायरगार्डनं त्याला जोडायचं. ऑफिसच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंदांवर ठेवायला विसरू नका. नाहीतर शांततेत राउटर ती वाट विसरतो आणि पुण्याहून हाक मारली तरी ऑफिसपर्यंत पोचत नाही. वायरगार्ड फक्त यूडीपीवर, म्हणजे टीसीपीहून वेगळ्या वाहतूक पद्धतीवर, चालतं, त्यामुळे केवळ ४४३ टीसीपी मोकळा असलेल्या जागी ते अडतं. तिथे ओपनव्हीपीएन टीसीपी ४४३ वर, किंवा विंडोजमध्येच असलेलं एसएसटीपी, या व्हीपीएनच्या दुसऱ्या पद्धती चालतात. वेग थोडा जातो.

लिनक्सची सवय असेल तर एसएसएचचा (दूरच्या संगणकाशी एन्क्रिप्टेड जोडणी करायच्या पद्धतीचा) उलटा बोगदा हाही जुना, खात्रीचा मार्ग आहे. एसएसएच १९९५ साली फिनलंडमध्ये तातू युलोनेन यांनी लिहिलं, तेव्हापासून ते २२ नंबरच्या पोर्टवर ऐकतं, पण भाड्याच्या सर्व्हरवर ते ४४३ वरही ऐकवता येतं. ऑफिसचा संगणक त्या सर्व्हरला आतून जोडून ठेवतो आणि त्याच जोडणीतून उलट्या दिशेनं आत येण्याची सोय देतो. मग विनएससीपीसारख्या साधनातून एसएफटीपीनं, म्हणजे एसएसएचवरून फाइली नेण्या-आणण्याच्या पद्धतीनं, फाइली मिळतात. एफटीपी ही फाइली पाठवायची जुनी पद्धत मात्र आता विसरा. ते आज्ञांना एक जोडणी आणि डेटाला दुसरी असं मागतं, दर वेळी नवा पोर्ट, आणि साध्या रूपात पासवर्डही उघडा जातो.

वेबडॅव्ह नावाचा मार्गही तुम्हाला कुणीतरी सुचवेल, कारण तो ४४३ वरून चालतो आणि विंडोज तो ड्राइव्हसारखा मॅप करतं. छोट्या दस्तांना ठीक. पण विंडोजमध्ये त्यावर मुळात पाच कोटी बाइटची, म्हणजे सुमारे ४८ एमबीची मर्यादा आहे. रजिस्ट्रीत जाऊन ती चार जीबीपर्यंत वाढवता येते. तुमची ड्रॉइंग आणि साइटचे ड्रोन व्हिडिओ बघता हा रस्ता नको. शिवाय मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधली ही सेवा २०२३ मध्येच मावळतीला लावली आहे. क्लाउडफ्लेअरचा टनेल वेबसाइटसाठी छान आहे; पण त्याच्या मोफत योजनेत एका विनंतीत १०० एमबीच्या वर अपलोड होत नाही. त्याच्या ऑफिसच्या बाजूच्या प्रोग्रामला बाहेर जाण्यासाठी ७८४४ पोर्ट लागतो, ४४३ नव्हे, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. आणि मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं उत्तर म्हणजे एसएमबी ओव्हर क्विक. ते यूडीपी ४४३ वरून, एन्क्रिप्शनसह, व्हीपीएनशिवाय शेअर उघडतं. पद्धत उत्तम आहे. पण त्याला विंडोज सर्व्हर २०२५ किंवा २०२२ ची अझुर आवृत्ती लागते, सर्टिफिकेट लागतं, आणि सीजीनॅटपुढे तेही हतबल आहे, कारण वाट शेवटी बाहेरून आतच. दोन माणसांच्या ऑफिससाठी हा खटाटोप मी करणार नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण जी बोगदा जोडल्यावर पहिल्याच दिवशी तुम्हाला छळेल, ती सांगतो. एसएमबी फार बडबडी पद्धत आहे. फाइल उघडताना ती सरळ वाहून आणत नाही. आधी आहे का विचारते, हक्क विचारते, कुलूप लावते, तुकडा मागते, पुढचा तुकडा मागते. समजा एका ड्रॉइंगला आणि त्याला जोडलेल्या एक्सरेफना (म्हणजे त्यात ओढलेल्या इतर ड्रॉइंगना) मिळून हजार फेऱ्या लागल्या. ऑफिसच्या वायरवर एक फेरी अर्ध्या मिलिसेकंदाची धरली तर काम अर्ध्या सेकंदात झालं. सांगली ते पुणे फेरी ३० मिलिसेकंदांची धरली तर त्याच हजार फेऱ्यांना ३० सेकंद लागतात. कनेक्शन १०० एमबीपीएसचं घेतलंत की ५०० चं, या ३० सेकंदांत फरक पडत नाही. वेग वाढतो, अंतर तेवढंच राहतं. आणि सेव्ह करताना मध्येच नेट गेलं तर फाइल अर्धवट राहण्याची भीती वेगळीच.

म्हणून भागीदारांना विचारा की तुम्हाला नक्की काय हवंय. जुनी बिलं, पत्रं, पीडीएफ अधूनमधून बघायची असतील तर मॅप केलेली ड्राइव्ह पुरे. हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवायचं असेल तर त्याचा डेटा बोगद्यातून ड्राइव्हवरून कधीही उघडू नका. ते प्रोग्राम फाइलच्या आत सतत लिहीत-वाचत असतात आणि जोडणी तुटली की नोंदी बिघडतात. तिथे रिमोट डेस्कटॉप घ्या, तोही बोगद्याच्या आतूनच. ३३८९ हा त्याचा पोर्ट इंटरनेटवर उघडणं ४४५ इतकंच घातक आहे. सॉफ्टवेअर सांगलीतच चालतं, पुण्याला फक्त पडद्याचं चित्र जातं.

आणि रोज ड्रॉइंगवर काम करायचं असेल, जी तुमची मुख्य गरज दिसते, तर ड्राइव्हचा हट्टच सोडा आणि सिंकथिंग लावा. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, मधे कुठलाही क्लाउड नाही. ‘कामे’ फोल्डरची एक प्रत सांगलीत, एक पुण्याच्या लॅपटॉपवर; जे बदललं तेवढंच मागे-पुढे जातं. दोन्ही संगणकांनी एकमेकांचा लांबलचक ओळख क्रमांक मान्य केल्याशिवाय काही हलत नाही. त्याचा नेहमीचा पोर्ट २२००० आहे, तो बाहेरून बंद असला तरी ते स्वतः वाट शोधतं आणि अगदीच अडलं तर रिलेवरून जातं. मजकूर तिथेही एन्क्रिप्टेडच. फाइल स्वतःच्या डिस्कवरून उघडत असल्यामुळे भागीदारांना ऑफिसात बसल्यासारखाच वेग मिळतो, आणि घाटात गाडीत नेट नसलं तरी काम चालू राहतं.

पण सिंकथिंगमध्ये फाइलला कुलूप नसतं. दोघांनी एकच ड्रॉइंग एकाच वेळी बदललं तर ते एक प्रत बाजूला काढून तिच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ लिहून ठेवतं, आणि दोन्ही जुळवण्याचं काम तुमच्या अंगावर पडतं. त्याला तांत्रिक इलाज नाही, ऑफिसची शिस्तच लागते. एक काम एका वेळी एकाकडे. हातात घेताना फोनवर एक मेसेज. तुमच्यासारख्या दोन भागीदारांना हे जमतं. वीस माणसांच्या ऑफिसला मी हे सुचवलं नसतं. आणि सिंकथिंगमधलं ‘फाइल व्हर्जनिंग’ पहिल्याच दिवशी चालू करा, नाहीतर पुण्यात चुकून डिलीट झालेलं फोल्डर काही क्षणांत सांगलीतूनही पुसलं जाईल.

पहिली प्रत न्यायला मात्र नेटचा भरवसा धरू नका. ऑफिसचा अपलोड म्हणजे पुण्याचा डाउनलोड, आणि प्लॅनची जाहिरात बहुधा डाउनलोडच्या आकड्याची असते. अपलोड २० एमबीपीएस असेल तर ८ जीबीला जवळजवळ ५५ मिनिटं लागतात. २०० जीबी असेल तर जवळपास दिवसभराचं काम, तेही मध्ये काही अडलं नाही तर. भागीदार पुढच्या वेळी सांगलीला आले की बाहेरच्या डिस्कवर सगळं कॉपी करून द्या, लॅपटॉपवर त्याच फोल्डरात उतरवा, मग सिंक जोडा. ते आधी दोन्हीकडच्या फाइली ताडून बघतं आणि फरक तेवढाच पाठवतं.

एखाद्या ठेकेदाराला एकच मोठी फाइल एकदा द्यायची असेल तर यातलं काहीच लागत नाही. मॅजिक वर्महोल किंवा क्रॉक या छोट्या साधनांत पाठवणारा एक सांकेतिक शब्दगट वाचून दाखवतो, घेणारा तो टाइप करतो, फाइल एन्क्रिप्ट होऊन पोचते आणि मागे काही उघडं राहत नाही.

क्लायंटच्या ऑफिसातून, बँकेतून किंवा सरकारी कार्यालयातल्या नेटवरून भागीदारांनी हा बोगदा जोडू नये. तिथले पोर्ट तिथल्या लोकांनी विचार करून बंद केलेले असतात, आणि त्या नेटवर्कची जबाबदारी त्यांच्यावर असते. परवानगी विचारावी, नाही मिळाली तर स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट वापरावा. मोबाइलचं नेट बहुधा सीजीनॅटमागेच असतं, पण आपली सगळी वाहतूक आतून बाहेर जात असल्यानं त्याचं काही अडत नाही. तुमच्याकडे आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे आयपी पत्ते, मिळत असेल तर ही साधनं ते आपणहून वापरतात आणि थेट जोडणी जमण्याची शक्यता वाढते. राउटरमधलं आयपीव्ही६ चं फायरवॉल मात्र चालूच ठेवा.

बॅकअपसाठी दोन डिस्क घ्या आणि आठवड्याआड आलटून पालटून लावा. एक नेहमी संगणकापासून काढलेली, शक्यतो तुमच्या घरी. सिंकची दुसरी प्रत बॅकअपमध्ये मोजू नका. सांगलीत फाइली कुलूपबंद झाल्या तर त्या कुलूपबंद फाइलीही इमानेइतबारे पुण्याला पोचतील.

सगळं लावून झालं की चाचणी ऑफिसच्या वाय-फायवरून घेऊ नका, तिथे ते चालणारच. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि ५०० एमबीची एक फाइल दोन्ही दिशांना कॉपी करून बघा. अडलं तर मला तीन गोष्टी कळवा: राउटरमधला वॅन पत्ता कुठल्या आकड्यानं सुरू होतो (पूर्ण पत्ता नको), टेलस्केलच्या स्थितीत ‘डायरेक्ट’ दिसतंय की ‘रिले’, आणि कॉपी सुरूच होत नाही की सुरू होऊन थांबते.